पाणी मुंबईला, कलाही मुंबईलाच?

मुंबईत १९९९ पासून काळा घोडा कला महोत्सव भरतो. जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय, डेव्हिड ससून ग्रंथालय, सगळं पायी फिरण्याच्या अंतरावर. प्रवेश मोफत, म्हणून तो सर्वांचा, असं सांगितलं जातं. पण आसनगावच्या पोराचे लोकलमध्ये जायला दोन तास, यायला दोन तास जातात आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. मग मोफत कुणासाठी?

पायी फिरता येतील असे कला परिसर उपनगरांतही व्हावेत, ही कल्पना चांगली आहे. पण उपनगर संपतं कुठे? कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. त्यापुढच्या शहापूर-मुरबाडचं काय? भातसा, तानसा, मोडकसागर आमच्या तालुक्यात. पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. कलेचंही तेच. वारली चित्रं शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर, चित्र काढणारी बाई मात्र पाड्यावरच.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी पाणी आणि रोजगार, कला नंतर. आम्हाला हे मान्य नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे चळवळ गावोगाव घेऊन गेले, तेव्हा आपल्या वस्त्यांत पाणी आणि रोजगार मुबलक होता का?

आणि चालणं ही आपल्यासाठी हौस नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. सार्वजनिक जागेत आपण कसे वावरतो, हा जातीचाच प्रश्न आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. आसनगाव स्टेशन ते शहापूर या रस्त्याला धड पदपथ आणि दिवे हवेत. वाटेत एक खुला मंच, तालमीसाठी खोली आणि वाचनालय हवं. भिंती रंगवणाऱ्या आदिवासी कलाकारांना मानधन आणि चित्राखाली त्यांचं नाव हवं. सुशोभीकरणाच्या नावाखाली फेरीवाल्यांना हाकलू नये. कार्यक्रम कोणते, हे ठरवणाऱ्या समितीत बौद्ध, आदिवासी आणि स्त्रिया असाव्यात. नाहीतर रस्ता आपला आणि मंच त्यांचा, असंच होईल.

शासनाकडे मागताना आपणही आरशात पाहूया. १४ एप्रिलला डीजेवर उडणाऱ्या पैशातला अर्धा वाटा ढोलकी, पुस्तकं आणि रंगांवर का खर्च होऊ नये? वंदनेनंतर कुलूप लागणारं विहार संध्याकाळी तालमीला का उघडू नये? त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही. किल्ली आपल्याच खिशात आहे.

जय भीम!