भावनेचा हिशेब मागा!

मुसलमान भावनाप्रधान, जमाव आंधळा, हे ऐकतच आम्ही वाढलो. गुस्ताव ल बाँने १८९५ साली जमावाचे मानसशास्त्र मांडले. आमचे विचारवंत आजही 'जनभावनेचा उद्रेक' एवढे लिहून मोकळे होतात. उद्रेक आपोआप होतो? २०१७ मध्ये फेसबुकने प्रेमाच्या तशाच रागाच्या चिन्हाला 'लाइक'च्या पाचपट वजन दिले. लोक ज्यावर चिडत, तो मजकूर अधिक पसरू लागला. २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणले. म्हणजे तराजू कंपनीच्याच हाती होता!

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा त्याच कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. त्याच महिन्यात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. लगाम होता, घातला नव्हता. मारणाऱ्यांचा गुन्हा यामुळे माफ होत नाही. पण यंत्राला वगळणारे समाजशास्त्र त्याच्या मालकाला निर्दोष सोडते.

आणि आम्ही? 'दीन खतरे में' असा संदेश शहानिशा न करता पुढे ढकलणारा आमचा हातही त्याच चक्कीत दाणे टाकतो. जज्बात आमचे, नफा त्यांचा. हा सौदा आम्हीच मोडला पाहिजे.