पोषणशास्त्रात पीएच.डी.: माकणीच्या मुलीसाठी वाट कुठून जाते?

घरी राहूनच पोषणशास्त्रात एम.एस्सी. करायचं, आहारतज्ज्ञ व्हायचं, पुढे जमलं तर पीएच.डी. बघायची, असा बेत आपल्याकडच्या शिकणाऱ्या मुली करतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यासाठी सोयीचा होता. आता तो बेत मोडला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. त्या यादीत मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, तसंच अन्न व पोषणशास्त्रही आहे. आधी प्रवेश घेतलेल्यांना शिक्षण पूर्ण करता येईल, नवे प्रवेश मात्र नाहीत.

निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. किडनीच्या पेशंटला काय खाऊ घालायचं हे दवाखाना आणि प्रयोगशाळा न बघता कसं शिकणार? पण शहरातल्या मुलीला यामुळे फक्त कॉलेज बदलावं लागेल. माकणीच्या मुलीला गाव सोडावं लागेल. लोहारा तालुक्यातल्या किती घरांत मुलीच्या हॉस्टेलचं नाव निघालं की अब्बा गप्प होतात, हे शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

मग एवढं कशासाठी, असं विचारणारे भेटतात. आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करायला पदवी पुरते, हे खरं. पण प्रश्न कोण विचारणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालच्या 35.2 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली. हे आकडे राज्याचे आहेत. आपल्या घरात ज्वारीची भाकरी कमी होऊन गव्हाची चपाती आणि पांढरा भात कधी वाढला, घरात मटण शिजतं तेव्हा बाईच्या ताटात किती पडतं, हे कुणी मोजायचं? ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, तिथला हा सवाल आहे.

रोज्याचंच घ्या. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एपिडियार या अभ्यासात भारतासह 13 देशांतल्या 12 हजारांवर मधुमेही मुस्लिमांची माहिती घेतली होती. टाइप 2 मधुमेह असलेल्या सुमारे 79 टक्के लोकांनी रमजानमध्ये किमान 15 रोजे ठेवले होते. म्हणजे डॉक्टरांनी नको म्हटलं तरी माणसं रोजा ठेवतात. सहरीला नेमकं काय खाल्लं जातं, गोळीची वेळ कशी सांभाळली जाते, हे घराघरात जाऊन विचारायला त्या घरात वावरलेली, उर्दू-मराठी दोन्ही बोलणारी संशोधक लागते. बाहेरच्या माणसाला अम्मी एवढंच सांगेल, 'सगळं ठीक आहे.'

आता पैशाचं. सच्चर समितीच्या अहवालानंतर 2009 पासून अल्पसंख्याक संशोधकांना मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मिळत होती. 2022-23 पासून ती बंद केल्याचं केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2022 रोजी लोकसभेत सांगितलं. इतर योजनांशी ती सारखी पडते, हे कारण दिलं गेलं. हे कारण मला पटत नाही, कारण त्या इतर योजनांच्या दारात अनेक मुस्लिम उमेदवार कागदाअभावी अडकतात.

म्हणून उरते ती नेट परीक्षा. पोषणशास्त्राचा वेगळा पेपर नाही, त्यातल्या मुली बहुधा 'गृहविज्ञान' विषयातून बसतात. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा 37 हजार रुपये, नंतर 42 हजार. जून 2024 पासून नेटमधूनच 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' अशीही एक यादी लागते. त्या यादीतल्या मुलीला प्रवेशासाठी गुण कामी येतात, पण पैसे मिळत नाहीत. निकाल बघून आनंदाच्या भरात हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

ओबीसी घरांना आणखी दोन वाटा आहेत, केंद्राची ओबीसी फेलोशिप आणि राज्याची महाज्योती. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, मन्सुरी या जमातींची घरं आपल्याकडे आहेतच. अडतं कागदावर. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा काढावा, तर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. त्या काळच्या गुरुजींनी पोटजात विचारली नाही आणि घरच्यांनी सांगितली नाही. मग जमिनीचे जुने कागद, चुलत आजोबांचा दाखला, जे सापडेल ते शोधत तालुक्याला चकरा. हे काम नेटच्या निकालानंतर काढलं तर मुदत निघून जाते. मुलगी अकरावीत असतानाच सुरू करा. दाखला निघाला की नॉन-क्रीमी लेयरही काढून ठेवायचं.

शिकायचं कुठे? परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तेच पूर्वीचं गृहविज्ञान. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, पालकांची भीती तिथे जरा कमी होते. आणि हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. 1918 साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था 1958 मध्ये हैदराबादला आली, उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी. उमरग्यावरून जाणारा हायवे थेट हैदराबादला पोचतो. उपचारासाठी आपण तिकडे जातोच, मग शिक्षणासाठी जायला काय हरकत आहे?

एकच अडथळा सगळे हळू आवाजात बोलतात, निकाहाचा. एम.एस्सी. होईपर्यंत मुलगी तेवीस-चोवीसची, पुढे पीएच.डी. किमान तीन वर्षं. 2022 च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं आहे, त्यावर पुनर्नोंदणीने दोन आणि स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. स्थळ बघताना नोकरी, घर, जमीन हे सगळं बोललं जातं. सासरच्यांना या 240 दिवसांबद्दल आणि त्या दहा वर्षांबद्दलही त्याच बैठकीत सांगा. मुलगी समोर बसलेली असताना सांगा.