पंचनामा आषाढातला, बंधारा कायमचा

आषाढातल्या उधाणात कोकणात किनारा तुटला, चार माड आडवे झाले, की एकच मागणी होते: धूपप्रतिबंधक बंधारा. पंचनामा होतो, निधी मंजूर होतो आणि पुळणीवर काळ्या दगडांची रास येऊन पडते. ज्याच्या ओटीला उधाणाचे पाणी लागते, त्याच्या भीतीला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्या भीतीवर दिलेले हे औषध चुकीचे आहे.

पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेऊन समोरच्या उथळ पाण्यात ठेवतात. दिवाळीनंतर शांत झालेल्या लाटा त्यातली बरीचशी परत आणतात. पंचनामा नेमका वाळू गेलेली असताना होतो! बंधाऱ्यावर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू खणते. पाया खचतो, दगड बसतात, वर नवे दगड टाकावे लागतात. बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप सुरू होते, मग तीही बंधारा मागते. कंत्राटदारासाठी याहून शाश्वत योजना शोधून सापडणार नाही. जाते ती पुळण. होडी वर घ्यायला, रापण ओढायला, मासळी सुकवायला आणि कासविणीला अंडी घालायला लागणारी जागा दगडांखाली जाते.

यावर कुणी म्हणेल, काही ठिकाणी वाळू परत येतच नाही, तिथे काय करायचे? तिथे आधी वाळू कुठे अडली ते शोधायचे. पुदुच्चेरीत 1980च्या दशकात बंदरासाठी समुद्रात भिंती घातल्या आणि उत्तरेकडे वाहणारी वाळू अडली. शहरासमोर दगड रचले, तर धूप उत्तरेच्या मच्छीमार वस्त्यांकडे सरकली. अखेर 2018च्या सुमारास राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्याने पाण्याखाली बुडीत बांध घातला, बंदरातली उपसलेली वाळू आणून टाकली, तेव्हा शहरापुढे पुन्हा पुळण दिसू लागली.

कोकणात तर बहुतेक पुळणी दोन भूशिरांच्या मध्ये अडकलेल्या. वाळूची शिल्लक बेताची. खाडीतून ड्रेजरने वाळू उपसायची आणि तोंडाशी बंधारा मागायचा, हा हिशेब जुळणार कसा? म्हणून नियोजनाचा घटक महसुली गाव नव्हे. भूशिरापासून भूशिरापर्यंतचा किनारा आणि त्याला मिळणारी खाडी, हा घटक धरायला हवा. बंदरातला उपसा चाचणी करून त्याच किनाऱ्यावर परत टाकावा. मर्यादवेल आणि केवड्याने धरलेले वाळूचे उंचवटे सपाट करून रिसॉर्टची हिरवळ लावू नये.

दुसरा आक्षेप सीआरझेडवर, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांवर: ते गरिबाला घर बांधू देत नाहीत. पण 2019च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. दाट म्हणजे चौरस किलोमीटरला 2161हून अधिक माणसे. लाट जनगणनेचे आकडे पाहून थांबते काय? ती कुठवर येईल हे सांगणारी धोकारेषा मात्र त्याच अधिसूचनेने नियमनाबाहेर, आपत्ती व्यवस्थापनापुरती ठेवली. ती बंधनकारक करा आणि जुन्या कोळीवाड्यांना त्या रेषेमागे, पण समुद्राजवळच, घरांसाठी जागा राखा.

जिथे पुळण उरलेलीच नाही आणि मागे वस्ती आहे, तिथे बंधारा बांधावाच लागेल. बाकी ठिकाणी प्रस्ताव मंजूर करण्याआधी त्या पुळणीचे मोजमाप ऑगस्टमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत, निदान तीन वर्षे व्हावे.