विसरल्या, की ऐकूच आले नाही?



आपल्यातल्या एखाद्या आजींना स्मृतिभ्रंश झाला की त्यांच्या प्रत्येक चुकीचे खापर त्यावरच फुटते. भलतेच उत्तर दिले? ‘विसरल्या हो.’ गप्प बसल्या? ‘त्यांना आता काही कळत नाही.’ पण प्रश्न कानापर्यंत पोचला का, हे कोण बघते?

मागच्या बाकावरचा मुलगा सारखा चुकतो, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी पुढे आणून बसवावे, हे आम्हां शिक्षकांना ठाऊक असते. वृद्धांनाही तेवढी संधी द्या. स्मरणशक्तीची चाचणीसुद्धा बरीचशी तोंडीच असते. ऐकूच न आलेल्या प्रश्नाचे गुण मिळणार कसे?

‘आता यंत्र लावून काय उपयोग?’ असे घरचे म्हणतात. यंत्राने स्मृतिभ्रंश बरा होत नाही, हे खरे. पण ऐकू आले तर माणूस चार माणसांत राहतो. म्हणून आधी कान तपासून घ्या. कधी नुसता मळच साचलेला असतो. आपल्या सयाजी हॉस्पिटलात कान-नाक-घसा विभाग आहे. गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मोफत देणारी केंद्राची वयोश्री योजना 2017 पासून चालू आहे.

मात्र यंत्र आणून आजींच्या हाती दिले म्हणजे काम झाले, असे नाही. त्या ते काढून उशीखाली ठेवतील, नाहीतर रुमालात गुंडाळतील. सकाळी चष्म्याबरोबर यंत्र लावणे, रात्री डबीत ठेवणे, बॅटरी बघणे हे घरातल्या एकाने आपल्या अंगावर घ्यावे. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. बटणासारखी बॅटरी गिळली तर जिवावर बेतते, ती त्यांच्या हाताला लागू देऊ नये. यंत्र सोसतच नसेल तर हेडफोनचे साधे आवाज वाढवणारे यंत्र डॉक्टरांना विचारून वापरून बघावे.

आणि ओरडू नका. ओरडताना शब्द फाटतात, चेहरा रागीट दिसतो. टीव्ही बंद करा, उजेडात समोर बसा, एका वेळी एकच छोटे वाक्य बोला, उत्तराला वेळ द्या. बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी असली तरी आजींशी त्यांच्या माहेरच्या मराठीतच बोला.

मार्कच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात प्रभू येशूने बहिऱ्या माणसाला बरे करण्याआधी गर्दीतून बाजूला नेले. चमत्कार आपल्या हाती नाही, बाजूला नेणे आहे. मिस्सेनंतर अंगणात सगळे एकदम बोलतात, तिथे या आजी-आजोबांना काहीच उमगत नाही. त्यांना शांत कोपऱ्यात बसवून एकानेच बोलावे. घरी ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्यांनीही आधी विचारावे, ‘यंत्र लावलंय का?’

स्मृती जाते ती आपण थांबवू शकत नाही. पण ऐकू न आल्यामुळे माणूस वेगळा एकटा पडू नये, एवढे आपल्याला नक्की जमेल.

— एक निवृत्त शिक्षिका, फतेहगंज, वडोदरा