बॉण्डने डॉक्टर येतो, राहत नाही

खेड्यात डॉक्टर का टिकत नाही, याचं उत्तर आपल्याकडे विधिमंडळापासून गावच्या पारापर्यंत एकच आहे: हल्लीच्या पोरांना पैसा आणि शहर हवं, सेवाभाव उरला नाही. उपायही ठरलेले. बॉण्ड कडक करा, दंड वाढवा, तेवढ्याने भागलं नाही तर आणखी मेडिकल कॉलेजं काढा. या मांडणीतलं जवळजवळ सगळं मला अमान्य आहे.

बॉण्ड आधी घेऊ. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर १० लाख रुपये भरावेत, असा महाराष्ट्रातला नियम वर्षानुवर्षं चालला. म्हणजे ज्याच्या बापाकडे १० लाख आहेत तो सुटला आणि ज्याच्याकडे नाहीत तो प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) गेला. ग्रामीण सेवा ही ऐपत नसलेल्याला होणारी शिक्षा आहे, हे आपणच नियमातून शिकवलं. जो जातो तोही पीजी-नीटची पुस्तकं घेऊन जातो. आशाताईंची नावं पाठ होईपर्यंत, कुठल्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी जात नाही हे कळेपर्यंत त्याचं वर्ष सरतं आणि नवा वैद्यकीय अधिकारी (एमओ) रुजू होतो. जनतेच्या पैशावर शिकलात तर परतफेड करा, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण वसुली झाली म्हणजे आरोग्यसेवा मिळाली, असं होत नाही.

कॉलेजं वाढवून काय साधतं? २०२४ साली राज्याला एकदम दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं मिळाली. चांगलंच झालं. पण डॉक्टर घडतो कुठे, ते पाहा. त्याचा बहुतेक काळ मोठ्या रुग्णालयात जातो. तिथला रुग्ण दोन-तीन ठिकाणांहून रेफर होऊन आलेला असतो. शेजारी रेसिडेंट असतात, वरच्या मजल्यावर सीटी स्कॅन, हाकेच्या अंतरावर भूलतज्ज्ञ. मग एक दिवस हा मुलगा एकटा पीएचसीत पोचतो. रात्री दोन वाजता बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाही, रक्तपेढी ऐंशी किलोमीटरवर आहे आणि दाराशी नातेवाइकांचा घोळका. तो चिठ्ठी लिहितो आणि वर पाठवतो. याला आपण कामचुकारपणा म्हणतो. वास्तविक पाच-साडेपाच वर्षांत जे शिकवलं तेच त्याने केलं: रुग्ण आपल्याहून मोठ्या ठिकाणी असावा.

तिसरी गोष्ट बोलायला जरा अवघड आहे. हेमलकशाचे आमटे, बैरागडचे कोल्हे, शोधग्रामचे बंग या दुर्गम भागात आयुष्य वेचलेल्या डॉक्टरांची नावं घेऊन आपण तरुण डॉक्टरांना झोडपतो. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. पण राज्यातली अठराशेहून अधिक प्राथमिक आरोग्य केंद्रं असामान्य माणसांच्या भरवशावर चालवायची, ही आरोग्यनीती नव्हे. सत्कार करून मोकळं होण्याची ती सोय आहे. त्यातही खेदाची गोष्ट ही, की त्यांचा त्याग आपण घेतला आणि त्यांची पद्धत सोडून दिली.

बंग दांपत्याने गडचिरोलीत काय केलं? गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, जंतुदोष ओळखायला आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा घरी जाऊन बाळ तपासू लागल्या त्यामागे हेच काम आहे. त्याआधी, १९७० पासून, जामखेडला आरोळे दांपत्याने फारशा न शिकलेल्या गावकरी बायांकडून गावाचं आरोग्य सांभाळून दाखवलं होतं.

‘म्हणजे खेड्याला अर्धशिक्षित आणि शहराला तज्ज्ञ?’ हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खोटा नाही. छत्तीसगढने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तो बंद पडला. पण त्यातून बाहेर पडलेल्यांची पुढे तपासणी झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत त्यांची कुवत एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीची निघाली. तरीही मी छोट्या पदवीचा वकील नाही. माझं म्हणणं इतकंच, की शिक्षणाची लांबी जितकी मोजतो तितकी त्याची जागाही मोजा.

डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या गरीब शेतकरी घरातले. सत्तरच्या दशकात ते महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत रुजू झाले, तेव्हा कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने दाखल झालेल्यांपैकी तीसचाळीस टक्के दगावत. बावस्कर रात्ररात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसांत साचणारं पाणी टिपत राहिले. त्यातून प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध विंचूदंशावर लागू पडतं, हे जगाला कळलं आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. हा शोध मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात लागणं कठीण होतं. तिथवर जिवंत पोचणारे किती असणार? बिरवाडी हीच त्यांची प्रयोगशाळा होती. मेडिकलच्या किती विद्यार्थ्यांना आपण अशी जागा दाखवतो?

सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासून थोडंफार दाखवतं. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पुढे पीजीसाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अटही घातली गेली. जपानने याहून पुढे जाऊन १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांत आपल्या भागासाठी विद्यार्थी निवडून पाठवतो, शिक्षणाचा खर्च माफ होतो आणि पदवीनंतर साधारण नऊ वर्षं त्याच प्रांतात काम करायचं असतं. बहुसंख्य जण ती पूर्ण करतात. बॉण्ड तिथेही आहे, पण तो प्रवेशाच्या दिवशी सुरू होतो. मुलगा कुठून घ्यायचा, हे तिथे कुठे पाठवायचं याच्या आधी ठरतं. आपल्याकडे तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी मेडिकलच्या साडेसात टक्के जागा राखल्या. लातूर-कोट्याच्या क्लासची फी न परवडणाऱ्या मुलांना त्यातून वाट मिळते. महाराष्ट्राने ते अजून केलेलं नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आदिवासी आणि दुर्गम तालुक्यांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवा. इंटर्नशिपचा मोठा भाग पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालयात करू द्या, पण तिथे शिकवणारा अनुभवी एमओ नेमा आणि त्याला अध्यापकाचा दर्जा व पगार द्या. दुर्गम भागात पाच वर्षं काढणाऱ्याला पीजीची हमखास जागा द्या. गडचिरोलीच्या नव्या कॉलेजची पहिली तुकडी २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. तिची इंटर्नशिप जिल्ह्यातल्या दुर्गम एटापल्ली-भामरागडला व्हावी असं वाटत असेल, तर तिथल्या क्वार्टरची छपरं, पाणी आणि वीज यांची कामं यंदाच निघायला हवीत.