चिनी शिकायची, पण कोणत्या शहरात?

चीनशी व्यापार करणाऱ्या घरांतील तरुण आता चिनी भाषा शिकण्यासाठी वर्षभर तिकडे राहू इच्छितात. प्रथम नावे पुढे येतात ती बीजिंग व शांघाय यांची. परंतु तेथील घरभाडे मध्यम कुटुंबाला जड जाते.

ईशान्येकडील हार्बिन येथे राहणीचा खर्च बराच कमी असून लोकांची बोली प्रमाण मँडरिनला अगदी जवळची आहे. वर्गात शिकलेले वाक्य भाजीबाजारातही चालते. मात्र जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 अंशांखाली उतरतो. म्हणून उबदार कपड्यांचा खर्च आधीच धरावा. युनान प्रांतातील कुनमिंगही स्वस्त व सौम्य हवेचे शहर आहे, परंतु तेथील स्थानिक बोली निराळी. यीवूची घाऊक बाजारपेठ आपल्या व्यापाऱ्यांच्या परिचयाची. तेथे भारतीय भोजन मिळते. तथापि आपल्याच लोकांत वावरल्यास चिनी बोलण्याची वेळ क्वचितच येते आणि वर्ष वाया जाते. मग वाचलेले भाडे काय कामाचे?

आहाराचा विचार प्रवेशापूर्वीच व्हावा. बौद्ध मठांच्या परंपरेतील शाकाहारी भोजनात कांदा-लसूण वर्ज्य असतो. बटाटा, गाजर, मुळा मात्र चालतो. कंदमूळ न खाणाऱ्याने स्वयंपाकाची सोय असलेलेच वसतिगृह निवडावे.

180 दिवसांहून अधिक अभ्यासासाठी एक्स-1 व्हिसा लागतो आणि चीनमध्ये पोहोचल्यापासून 30 दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. शुल्क, भाडे, प्रवास, कपडे व परवाना यांची एकत्र बेरीज करून मगच शहर ठरवावे.