भूत नाही, तरी भीती वाटते

ऑक्टोबर आला की आमच्या घरात दोन सणांची एकदम गडबड सुरू होते. एका खोक्यातून आकाशकंदील निघतो, दुसऱ्यातून प्लॅस्टिकचा सांगाडा. गेल्या वर्षी चकलीचं पीठ मळता मळता मुलीने जाहीर केलं, "बाबा, आज हॉरर बघायचा. आणि तुम्ही अर्ध्यात उठून जायचं नाही." सिनेमा होता ‘सेशन नाइन’, २००१ सालचा. मी उठून गेलो नाही. तेव्हापासून जे मनात घोळतंय ते या अंकात मांडतो. पटलं नाही तर दिवाळी पहाटेला भेटा, फराळ करता करता भांडू.

सिनेमा आपल्या अंगणातलाच आहे. बॉस्टनच्या उत्तरेला डॅनव्हर्स गावात, हॅथॉर्न टेकडीवर, सरकारी मनोरुग्णालय होतं. १८७८ साली उघडलं, १९९२ साली बंद पडलं. ओसाड पडलेल्या त्याच इमारतीत दिग्दर्शक ब्रॅड अँडरसनने हा सिनेमा चित्रित केला. बजेट जेमतेम पंधरा लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चहापाण्याचा खर्च. तेव्हा नवीनच आलेला डिजिटल कॅमेरा, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नट, आणि सेट बांधायची गरजच नाही. पोपडे सुटलेल्या भिंती, गंजलेल्या खाटा, संपता संपत नाहीत असे बोळ, सगळं तयारच होतं.

गोष्ट साधी. जुन्या इमारतीतला ॲस्बेस्टॉस काढण्याचं कंत्राट पाच जणांच्या टोळीला मिळतं. टोळीचा मालक गॉर्डन. घरी तान्हं बाळ, धंद्याला ओहोटी. काम हातचं जाऊ नये म्हणून तो कबूल करतो की इतरांना कितीतरी जास्त दिवस लागतील ते आम्ही आठवड्यात उरकू. टोळीतल्या एकाला तळघरात एका जुन्या रुग्णाच्या मुलाखतींच्या टेप सापडतात. एकूण नऊ बैठका, म्हणून सिनेमाचं ते नाव. रोज एकेक टेप वाजते आणि रोज टोळीतली माणसं थोडी थोडी उसवत जातात. शेवट सांगत नाही.

माझं पहिलं म्हणणं असं, की वेड्यांच्या इस्पितळावर निघालेल्या भयपटांत हा वेगळा आहे. एरवीच्या सिनेमात रुग्ण म्हणजे राक्षस. केस पिंजारलेले, डोळे फिरवलेले, अंधारातून अंगावर येणारे. इथे इमारतीत एकही रुग्ण नाही. जे बिघडतं ते शहाण्यासुरत्या, नोकरीधंदा करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसांत. गॉर्डनला झोप नाही, घरी काहीतरी बिनसलंय, सोबत्यांना ते दिसतंयही. पण कुणी समोर बसून विचारत नाही, आणि विचारलं तरी तो "ठीक आहे" म्हणून कामाला लागतो. मला भीती वाटली ती या "ठीक आहे"ची. हा शब्द मी पंचवीस वर्षं रोज वापरतोय. व्हिसा अडकला, ठीक आहे. नोकरी गेली, ठीक आहे. तिकडे आई गेली आणि इथून वेळेवर पोचता आलं नाही, ठीक आहे.

दुसरं म्हणणं सिनेमाच्या विरोधात आहे. त्या टेपमधली बाई, मेरी, लहानपणीच मन दुभंगलेली. सिनेमा तिचा आवाज आपल्याला घाबरवायला वापरतो. तिच्या आजारातच सैतान दडलाय असं सुचवतो. हे चूक आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाकडून इतरांना धोका असण्यापेक्षा त्यालाच इतरांकडून त्रास होण्याची शक्यता जास्त, असं या विषयातले डॉक्टर सांगत आले आहेत. आपल्या मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ साली आला. त्यात अतुल कुलकर्णींचा शेष आजारी आहे, पण आधी तो कुणाचा तरी भाऊ आहे. मुलांनो, ‘सेशन नाइन’ पाहिलात तर पाठोपाठ ‘देवराई’ही पाहा. एकाने लागलेली भीती दुसऱ्याने उतरते.

सिनेमानंतर मुलीने इमारतीचा इतिहास शोधला, आणि त्या रात्री झोप उडाली ती त्यामुळे. ही इस्पितळं बांधणाऱ्यांचा हेतू क्रूर नव्हता. डॉ. थॉमस किर्कब्राइड यांचा आराखडा होता. मधे मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना पंखांसारखे एकामागे एक सरकलेले वॉर्ड, म्हणजे प्रत्येक खिडकीत ऊन आणि वारा. भोवती शेती, बागा. मोकळ्या हवेने मन बरं होईल अशी श्रद्धा. पण सुमारे पाचशे माणसांसाठी बांधलेल्या जागेत पुढे दोन हजारांच्या वर माणसं कोंबली गेली. घरच्यांनी आणून सोडलं, परत न्यायला कुणी आलं नाही. तिथे मेलेल्यांपैकी सातशेच्या वर माणसं त्याच आवारात पुरली. थडग्यांवर नाव नाही, फक्त आकडा. पुढे इमारतीचा बराचसा भाग पाडून तिथे अपार्टमेंट झाली. स्वतः अशा इस्पितळांत राहून आलेल्या लोकांनी खटपट केली, नोंदी चाळल्या, आणि पुरलेल्या माणसांना त्यांची नावं परत मिळवून दिली.

मुलगी म्हणाली, "आकडा? नावसुद्धा नाही?" आणि मला माझा धाकटा काका आठवला.

मी ठाण्याचा. आमच्याकडे कुणी वेडंवाकडं बोललं की "याला आणलाय कुठून, इस्पितळातून?" हा ठरलेला विनोद. १९०१ पासून गावात मनोरुग्णालय आहे, विनोद आयताच मिळतो. मीही तो कितीदा केला असेल. त्याच वेळी आमच्या घरात एक माणूस कमी होता. काका दुसऱ्या गावच्या इस्पितळात होता. विचारलं तर "नोकरीनिमित्त लांब असतो" हे उत्तर. तो गेला तेव्हा मी दहावीत होतो, मला ते दोन वर्षांनी कळलं. आत्यांची लग्नं व्हायची होती, हे कारण. आजीआजोबांना मी दोष देत नाही, त्यांना दुसरी वाट दिसली नसेल. पण मुलीला चौथीत शाळेसाठी वंशवृक्ष काढून दिला तो मी, या देशात, या शतकात. त्यात मी वडिलांची तीनच भावंडं दाखवली. होती चार. त्या थडग्यांवर निदान आकडा तरी होता.

पितृपक्षात आपण पितरांचं नाव घेऊन पाणी सोडतो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावस्या असते. आपल्या धर्माने विसरलेल्यांचीही सोय केली, आपण मात्र आठवत असलेल्यांना वगळलं. यंदा सर्वपित्रीला मी काकाचं नाव घेतलं. आधी आत्याला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला बासुंदी आवडायची रे." चाळीस वर्षांत त्याच्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

आता मंडळासाठी एक सूचना. आपण दर वर्षी रक्तदाब-मधुमेहाची तपासणी ठेवतो, उत्तम करतो. एक शनिवार मनासाठी ठेवा. मराठी बोलणारा एखादा समुपदेशक, बंद दाराची खोली, आणि ‘कोण आत गेलं’ याची बाहेर चर्चा नको. आपली मुलं थेरपिस्टकडे जातात हे सहज सांगतात आणि आपण "हळू बोल" म्हणतो. या बाबतीत त्यांचं ऐकू या. आणि अगदीच असह्य झालं तर या देशात २०२२ पासून ९८८ हा तीन आकडी नंबर आहे. दिवसरात्र कधीही फोन करा, मेसेज करा. फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली लिहून ठेवा.

हॉरर सिनेमा संपला की आपण दिवे लावतो आणि हसतो, कारण ते खोटं होतं. डॅनव्हर्सची टेकडी खरी आहे. आमचा वंशवृक्षही खरा होता. मुलीने जुना कागद माळ्यावरून शोधून काढला आणि त्यात चौथी फांदी काढली. नाव लिहायला तिने पेन माझ्या हातात दिलं.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. आणि या वर्षी कुणी "कसे आहात?" विचारलं, तर "ठीक आहे" म्हणण्याआधी जरा थांबा.